पुण्याचं महापौरपद मागणाऱ्याने आधी काय हाती घ्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महापौरपदासाठी नावं चर्चेत आली की प्राधान्यक्रमांच्या याद्याही येतात. कोंडीमुक्त पुणे, स्वच्छ पुणे, हरित पुणे. या याद्यांवर कुणाचा आक्षेप नसतो, कारण कशासाठी काय मागे ठेवणार, हे त्यात लिहिलेलंच नसतं. खालचे प्रश्न सोसायट्यांच्या ग्रुपवर आणि प्रभागातल्या बैठकांत हमखास निघणारे आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते: गेल्या काही वर्षांत शहराच्या हद्दीत आलेल्या गावांना शुद्ध पाणी आणि ड्रेनेज मिळेपर्यंत दुसरं काहीही पहिल्या क्रमांकावर असू नये.

महापौराला आपण थेट मत देतो का?

नाही. नगरपरिषदेचा नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला जातो. महानगरपालिकेत मात्र नगरसेवक महापौराला निवडतात. पुण्यात ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक आहेत. महापौरपद अडीच वर्षांचं असतं आणि ते कोणत्या प्रवर्गासाठी राखीव, हे सोडतीने ठरतं. त्यामुळे सोडत निघेपर्यंत खुद्द इच्छुकांनाही आपली पात्रता कळत नाही, आणि महापौराचा म्हणून वेगळा जाहीरनामा क्वचितच तयार होतो. असतो तो पक्षाचा.

मध्य प्रदेशात महापौर थेट लोकांतून निवडला जातो. आपल्याकडे मुंबई आणि नागपूरमध्ये १९९८ साली महापौर परिषदेचा, म्हणजे कारभाराचे अधिकार महापौर आणि निवडक नगरसेवकांच्या मंडळाकडे देण्याचा, प्रयोग झाला होता, तो थोड्याच काळात गुंडाळला गेला. तेव्हा महापौराकडून काही हवं असेल, तर आपल्या प्रभागातल्या नगरसेवकांना धरावं लागतं. महापौराचे मतदार तेच आहेत.

मग महापौराच्या हातात असतं तरी काय? सगळं तर आयुक्तच करतात.

कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे असतात, हे खरं. आयुक्त राज्य सरकार नेमतं आणि बदलीही सरकारच करतं. मोठ्या निविदा १६ सदस्यांच्या स्थायी समितीत मंजूर होतात. महापौर मुख्य सभेचं कामकाज चालवतो.

पण मुख्य सभा म्हणजे नुसती हजेरीची जागा नाही. शहराचं अंदाजपत्रक तिथे अंतिम मंजूर होतं. मिळकतकराचे दर, धोरणं, जमिनींच्या आरक्षणातले बदल तिथूनच जातात. कार्यपत्रिकेवरचा विषय आज घ्यायचा की 'पुढील सभेपर्यंत तहकूब' करायचा, हे महापौराच्या आसनावरून घडतं. एखाद्या प्रश्नावर खास सभा लावून प्रत्येक खातेप्रमुखाला उभं करता येतं, आणि ते उत्तर इतिवृत्तात नोंदवलं जातं. शिवाय पीएमपीएमएल या शहर बससेवा चालवणाऱ्या कंपनीच्या संचालक मंडळावर पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही शहरांचे महापौर असतात. हे अधिकार कमी नाहीत. वापरले मात्र कमी जातात.

एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. मुख्य सभेचा ठराव राज्य सरकार निलंबित किंवा विखंडित करू शकतं. म्हणून 'आम्ही ठराव केला होता' एवढ्यावर कुणी समाधान मानू नये.

शहर वाढलं म्हणजे नेमकं किती?

१९५० साली महापालिका झाली, पुढे बाबुराव सणस पहिले महापौर झाले, तेव्हा शहर पेठा आणि आसपासच्या भागापुरतं होतं. १९९७ मध्ये ३८ गावं घेतली, त्यातली १५ पुढे वगळली, २३ राहिली. आजचे बाणेर, खराडी, कोंढवा हे त्याच वेळी आलेले. मग २०१७ मध्ये ११ गावं आली आणि २०२१ मध्ये आणखी २३. या शेवटच्या समावेशानंतर पुणे महापालिका क्षेत्रफळात मुंबई महापालिकेच्याही पुढे गेली. २०१७ ला आलेल्यांपैकी फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावं २०२४ मध्ये बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद केली.

लोकसंख्येचा विश्वासार्ह आकडा अजून २०११ च्या जनगणनेचाच आहे: ३१ लाखांहून थोडी जास्त. त्यात ही नवी गावं धरलेली नाहीत. वाघोली किंवा नऱ्हे इथे जाऊन आलेल्या कुणालाही तो आकडा किती जुना झालाय ते डोळ्यांनी दिसेल.

आणि या वाढीच्या अगदी ऐन काळात, मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत, शहरात लोकनियुक्त सभागृहच नव्हतं. जवळपास चार वर्षं प्रशासक. २०२१ ला आलेल्या गावांनी ग्रामपंचायत गमावली आणि नगरसेवकासाठी मात्र इतका काळ वाट पाहिली. तक्रार घेऊन जायचं कुणाकडे, हा त्यांचा प्रश्न शब्दशः खरा होता.

पहिलं प्राधान्य पाण्यालाच का? वाहतूक जास्त त्रास देते.

वाहतूक सगळ्यांना दिसते, म्हणून ती जास्त बोलली जाते. पाण्याचं काय होतं, ते जानेवारी २०२५ मध्ये दिसलं. सिंहगड रस्त्याच्या टोकाला नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात गुलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. हातापायांतली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो. पुण्यात आणि परिसरात संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली, मृत्यूही झाले. शोध घेत सगळे नांदेड गावच्या विहिरीपाशी पोचले. त्या विहिरीतून आसपासच्या गावांना पाणी जात होतं आणि जलशुद्धीकरण केंद्र मध्ये नव्हतंच. विहिरीत क्लोरीन सोडायचं आणि पाणी पुढे पाठवायचं, एवढीच प्रक्रिया होती.

ही जागा खडकवासला धरणाच्या खालच्या अंगाला, अगदी जवळ आहे. पेठांत पर्वतीहून शुद्ध केलेलं पाणी जातं, ते याच धरणाचं. धरणाशेजारच्या माणसाला विहिरीचं पाणी आणि दहा-पंधरा किलोमीटरवरच्या माणसाला शुद्ध पाणी, ही शहराच्या वाढीची खरी अवस्था आहे. ज्यांना हा आजार झाला, ते महापालिकेच्या हद्दीतच राहत होते.

म्हणून उमेदवाराने 'पाण्याचा प्रश्न सोडवू' म्हणू नये. समाविष्ट गावांपैकी कोणत्या गावाला कोणत्या केंद्रातून, कोणत्या वर्षी शुद्ध पाणी मिळणार, याचा तक्ता त्याने पहिल्या तीन महिन्यांत मुख्य सभेपुढे ठेवून घ्यावा. आणि तोवर टँकरच्या आणि विहिरीच्या पाण्याच्या तपासणीचे अहवाल दर आठवड्याला क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लागावेत. दुसऱ्या कामाला तर मोठा निधीही लागत नाही.

धरणं तर दरवर्षी भरतात. मग कमी कुठे पडतं?

खडकवासला साखळीत चार धरणं: वरसगाव १२.८२ टीएमसी (अब्ज घनफूट), पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि खडकवासला १.९७. एकूण २९.१५ टीएमसी. शिवाय जानेवारी २०२१ पासून भामा आसखेडचं पाणी शहराच्या पूर्व भागाला मिळतं. पण साखळीतलं सगळं पाणी पुण्याचं नाही. खडकवासल्याच्या कालव्यावर दौंड आणि इंदापूरची शेती आहे. दर उन्हाळ्यात कालवा समितीत शहर आणि शेतकरी यांच्यात ओढाताण होते, ती त्यामुळे.

शहरात आलेल्या पाण्यातलं ३५ ते ४० टक्के गळतीत जातं, असं महापालिका स्वतःच सांगत आली आहे. जुन्या वाहिन्या, चोरून घेतलेल्या जोडण्या, भरून वाहणाऱ्या टाक्या. हे पाणी वाचलं, तर जलसंपदा खात्यापुढे आणखी कोटा मागायला तोंड राहील. इंदापूरच्या शेतकऱ्याच्या वाट्याचं पाणी मागायचं आणि आपल्याकडे रस्त्यावर सोडायचं, हे न्यायाला धरून नाही.

समान पाणीपुरवठा योजनेचं काय झालं?

ती पूर्ण करणं हे नवं काहीही जाहीर करण्यापेक्षा मोलाचं आहे. जून २०१७ मध्ये महापालिकेने या योजनेसाठी २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे काढले, तेव्हा देशभर चर्चा झाली होती. कल्पना साधी: ८० हून अधिक साठवण टाक्या, नव्या वाहिन्या, प्रत्येक जोडणीला मीटर, आणि शहराचे लहान भाग पाडून प्रत्येक भागात किती पाणी शिरलं आणि किती मोजलं गेलं याचा हिशेब. काम ठरलेल्या मुदतीच्या कितीतरी मागे पडलं. टाकी बांधून तयार आणि तिला जोडणारी वाहिनी अडकलेली, किंवा मीटर बसलेले आणि दाब नाही, असं ठिकठिकाणी झालं.

महापौराने इथे एकच गोष्ट करावी. प्रत्येक भागाचं काम 'पूर्ण' कधी म्हणायचं, याची व्याख्या नळाला येणाऱ्या पाण्यावर ठरवून घ्यावी. टाकीच्या उद्घाटनावर ठरवू नये.

मीटर आले की पाणीपट्टी वाढणार, हे खरं ना?

जो बेसुमार वापरतो त्याची वाढेल. घरगुती पाणीपट्टी सध्या मिळकतकराच्या बिलातच येते आणि वापराशी तिचा संबंध नाही. दोन खोल्यांत काटकसरीने राहणारं कुटुंब आणि रोज गाड्या धुणारा बंगला, दोघांचं पाणी मोजलंच जात नाही. ज्या सोसायट्या टँकरवर आहेत, त्या मात्र प्रत्येक लिटरचे पैसे आत्ताच देतात. उंड्री-पिसोळीकडे एप्रिल-मे महिन्यांत सकाळी सहाला टँकर गेटवर येतो, वॉचमन वहीत नंबर आणि वेळ लिहितो, पाइप जमिनीखालच्या टाकीत सुटतो, आणि महिन्याअखेर ती वही खजिनदाराकडे जाते. मेंटेनन्सचा मोठा हिस्सा तिथेच संपतो. ही कुटुंबं मिळकतकरही भरतात. मीटरला विरोध करताना त्यांचा विचार व्हायला हवा.

गरीब वस्त्यांना ठरावीक प्रमाणापर्यंत नाममात्र दर, हे मात्र ठरावातच लिहून घ्यायला हवं.

नदीकाठ सुधार प्रकल्पाला तुमचा विरोध आहे का?

क्रमाला विरोध आहे. मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाचा हा प्रकल्प, भूमिपूजन ६ मार्च २०२२ ला झालं. दुसरीकडे, जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं बांधायचा करार त्याच्या सहा वर्षं आधीचा, २०१६ चा. क्षमता रोज ३९.६ कोटी लिटरची. ती केंद्रं रखडत गेली आणि काठाचं काम पुढे सरकलं. मैलापाणी नदीत येत असताना काठावर चालायला जाणाऱ्याला वासच घ्यावा लागेल.

समाविष्ट गावांत तर बऱ्याच ठिकाणी ड्रेनेजच्या वाहिन्याच नाहीत. सांडपाणी ओढ्यात, ओढा नदीत. त्यामुळे नदीवर खर्च करायचा असेल, तर तो आधी आंबेगाव, नऱ्हे, वाघोली, मांजरी इथल्या रस्त्यांखाली व्हायला हवा. तिथे फीत कापायला काही नसतं, हे मान्य.

पूर आता दरवर्षीच येणार का?

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत घरं, भिंती, गाड्या ओढून नेल्या. वीसहून अधिक माणसं गेली. टांगेवाला कॉलनीतल्या, अरण्येश्वरच्या लोकांना पळायला वेळही मिळाला नाही. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पहाटे घरांत पाणी शिरलं.

ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत. पहिल्यात ओढ्याचं पात्र आवळलेलं होतं: भराव, सीमाभिंती, पात्रात आलेली बांधकामं, अरुंद कल्व्हर्ट. दुसऱ्यात धरणाचा विसर्ग आणि पूररेषेच्या आतली वस्ती. पहिल्यावर महापालिका स्वतः काम करू शकते. समाविष्ट गावांतले ओढे अजून पुरते बुजलेले नाहीत. त्यांची मोजणी करून हद्दीचे दगड आत्ताच रोवले, तर आंबिल ओढ्याची वेळ तिथे येणार नाही. त्यात एक अडचण होती: २०२१ ला आलेल्या २३ गावांचा नियोजनाचा अधिकार सरकारने महापालिकेकडे न देता पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, दिला. रस्ते-पाणी एकाने द्यायचं आणि आराखडा दुसऱ्याने काढायचा. महापौराने हा विषय मुंबईत जाऊन लावून धरला पाहिजे, पक्ष कोणताही असो.

दुसऱ्या दुखण्यावर जलसंपदा खात्याशी बोलून, किती विसर्गाला कोणत्या वस्तीत किती पाणी येतं याचे खांब त्या वस्तीतच उभे करता येतात. एकतानगरीच्या माणसाला क्युसेकचा आकडा सांगून काय कळणार? पार्किंगमध्ये पाणी येईल की पहिल्या मजल्याखाली थांबेल, ते सांगा.

वाहतुकीसाठी उड्डाणपूल हवेत की बस?

बस. मेट्रो ६ मार्च २०२२ ला सुरू झाली, २९ सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटपर्यंत पोचली, आणि ती चालते आहे हे चांगलंच आहे. पण स्टेशनला घरून जायचं कसं? वारज्यातून, धानोरीतून, मांजरीतून मेट्रोपर्यंत नेणारी बस पाच-दहा मिनिटांनी हवी. पीएमपीएमएल २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून झाली. तिची संचलन तूट पुणे ६० आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के या प्रमाणात भरतं. ही तूट म्हणजे वाया गेलेले पैसे, असं सभागृहात दरवर्षी बोललं जातं. उड्डाणपुलाचा खर्च कुणी तूट म्हणून लिहीत नाही, आणि त्या पुलावरून घरकामाला जाणाऱ्या मावशी किंवा मार्केट यार्डातला हमाल फार जात नाही. ते बसने जातात.

देशातली पहिली बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर आपणच केली. ती अर्धवट केली आणि मग नगर रस्त्यावरची उखडूनही टाकली. महापौर संचालक मंडळावर असतो, त्यामुळे नव्या बस किती आणि कोणत्या मार्गावर, हे त्याला थेट विचारता येतं आणि ठरवताही येतं.

आणि पदपथ?

२०१६ मध्ये महापालिकेने पादचारी धोरण मंजूर केलं. धोरण उत्तम आहे. त्याप्रमाणे दर वर्षी पथ विभागाच्या निधीतला ठरावीक वाटा बाजूला काढावा, एवढंच.

कचऱ्याची गाडी की 'स्वच्छ'च्या कचरावेचक?

'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था, २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा उचलते. साडेतीन हजारांच्या आसपास कष्टकरी, बहुतेक बायका. त्या हाताने वेगळा करतात म्हणून प्लास्टिक, कागद, काच पुनर्वापराला जातं आणि डेपोवर जाणारं ओझं घटतं. फुरसुंगी-उरुळीच्या लोकांनी अनेक वर्षं तिथल्या डेपोत टाकलेल्या आपल्या शहराच्या कचऱ्याचा वास, माश्या आणि खराब झालेल्या विहिरी सोसल्या. त्यांचं देणं आपण अजून फेडलेलं नाही.

कराराची मुदत संपत आली की दर वेळी या बायकांना टांगणीला लावलं जातं. दीर्घ मुदतीचा करार आणि हातमोजे, ढकलगाड्या, वर्गीकरणासाठी शेड वेळेवर देणं, हे महापौर पहिल्या वर्षात मार्गी लावू शकतो. आपणही सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायला हरकत नाही. उघडा पॅड हाताने वेगळा करावा लागतो, तो कुणाला तरी.

टेकड्यांवर रस्ता झाला तर कोंडी सुटेल ना?

बालभारती ते पौड फाटा रस्त्यासाठी हेच सांगितलं जातं. मला पटत नाही. वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी इथे रोज पहाटे जाणारे लोक हौशी नाहीत. टेकडीत मुरणारं पाणी पायथ्याच्या विहिरी-बोअरला मिळतं. १९९७ च्या २३ गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं ९७८ हेक्टरचं आरक्षण आहे. त्यातली किती जमीन प्रत्यक्ष ताब्यात आली, हे उमेदवाराला विचारा.

पैसे आणणार कुठून?

२०२५-२६ चं अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचं होतं. रक्कम लहान नाही, पण अंदाजपत्रकात लिहिलेलं उत्पन्न वर्षअखेर पूर्ण जमा होत नाही आणि मग मोठी कामं पुढच्या वर्षावर जातात. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, आता जीएसटीच्या बदल्यात मिळणारं अनुदान, बांधकाम परवानगीचं शुल्क आणि मिळकतकर हे मुख्य आधार.

समाविष्ट गावांतले लोक विचारतात, सुविधा नाहीत तर कर का? प्रश्न रास्त आहे. माझ्या मते त्या गावांतून जमा होणारा मिळकतकर काही वर्षं त्याच गावांतल्या पाणी आणि ड्रेनेजवर खर्च होईल, असं वेगळं शीर्ष अंदाजपत्रकात करावं. मग लोक कर भरतील. स्वतः राहत असलेल्या घराला मिळणारी ४० टक्के सवलत १९७० पासूनची आहे, ती मध्ये काढली आणि २०२३ मध्ये परत दिली. तिला आता हात लावू नये.

'स' यादी म्हणजे काय? आणि वर्गीकरण?

'स' यादी म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातल्या लहान कामांसाठी ठेवलेला निधी. वर्गीकरण म्हणजे अंदाजपत्रकात एका कामाला ठेवलेले पैसे वर्षाच्या मध्ये दुसऱ्या कामाकडे वळवणं. चांगल्या फरशा उखडून नव्या बसवणं, बाक, स्वागत कमानी अशा कामांवर या दोन वाटांनी बराच पैसा जातो. फेब्रुवारी-मार्च महिन्यांत मुख्य सभेपुढे वर्गीकरणाचे प्रस्ताव येतात, तेव्हा पाणीपुरवठा आणि मलनिःसारण यांचे पैसे दुसरीकडे वळवू देणार नाही, असं उमेदवाराने आधीच लेखी द्यावं. कोणत्याही घोषणेपेक्षा मला याची किंमत जास्त वाटते.

निवडून आल्यावर लक्ष कसं ठेवायचं?

मुख्य सभेला नागरिकांना प्रेक्षक गॅलरीत बसता येतं. अंदाजपत्रक महापालिकेच्या संकेतस्थळावर मराठीत असतं. आपल्या क्षेत्रीय कार्यालयाची आणि आपल्या गावाची पानं काढून त्यातल्या पाच-सहा कामांपुढे खूण करा आणि डिसेंबरमध्ये ती कुठवर आली ते मोहल्ला समितीत विचारा. नागरिकांनी सुचवलेली कामं अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत पुण्यात २००६ पासून आहे. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. एकेकट्याने देण्यापेक्षा सोसायटी आणि शेजारची वस्ती यांनी मिळून एकच काम सुचवलं तर ते टिकतं. पाण्याच्या नमुन्याचा अहवाल मागायचा असेल, तर अर्जात विहिरीचं किंवा टँकर भरण्याच्या केंद्राचं नाव आणि तारीख जरूर लिहा.